कोंडलेल्या महादेवाचं पाणी

तीन पावसाळे मी पाऊस पडू नये म्हणून वाट पाहिली. कोरडवाहू गावातल्या मुलीनं असं लिहू नये, हे मला कळतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली गावातलीही पहिलीच. त्यामुळं न कळल्याचं सोंग मला घेता येत नाही. आभाळ भरून आलं की लातूरच्या भाड्याच्या खोलीवरच्या गच्चीत मी उभी राहायची आणि मनात म्हणायची, इथं पड, हवं तेवढं पड, चाकूरच्या बाजूला तेवढं जाऊ नको. मला आमच्या गावात एक कोरडा श्रावण पाहिजे होता. त्याशिवाय माझं काम होणार नव्हतं.

काम सांगायच्या आधी नदी सांगावी लागेल.

नकाशात तिला नाव आहे. गावात ती नुसती नदी. चार महिने पाणी, दोन महिने चिखल, आणि बाकीचं वर्ष वाळू आणि बेशरमाची झुडपं. शेळ्या खूर ओला न करता पलीकडं जातात. पण गावाशी आली की ती अचानक उत्तरेला वळते, दोन-तीन शेतांच्या लांबीएवढी उत्तरेकडं वाहते आणि मग पुन्हा आपल्या वाटेला लागते. उत्तरवाहिनी. तेवढ्या वळणापायी शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्या काठावर महादेवाचं देऊळ बांधलं. काळ्या दगडाचं, दोन दगडांत चुन्याची रेघसुद्धा नाही. काशीला जायची ऐपत नसलेल्यानं इथं बुडी मारावी, असं म्हातारी माणसं सांगायची. बुडी मारायला पाणी कधी असतं, ते मात्र सांगायची नाहीत.

काठावर वीरगळ आडवे पडलेत. माझी माय ज्या दगडावर धुणं धुवायची त्यावर तीन खणांत कोरलेलं होतं. खाली लढाई, मधे अप्सरा एका माणसाला उचलून नेतायत, वर तोच माणूस पिंडीसमोर हात जोडून बसलाय. कॉलेजात असताना नांदेडला एका प्रदर्शनात तसाच दगड काचेआड ठेवलेला पाहिला, तेव्हा कळलं की आम्ही इतकी वर्षं एका शूर माणसाच्या अंगावर गोधड्या आपटत होतो. पलीकडच्या काठाला मांडी घालून बसलेली एक मूर्ती आहे, तिला मुंडकं नाही. बौद्ध वस्तीतली माणसं तिला बुद्ध म्हणतात, लातूरचं एक जैन कुटुंब वर्षातून एकदा येऊन तिच्यावर पाणी घालून जातं, आणि गुराखी तिला मास्तर म्हणतात. मुंडकं नसल्यामुळं कुणाचं भांडण होत नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, पाथरवट. जाती, पाटे, उखळं घडवायची, जुन्या जात्यांना टाकी लावायची, कुणाचा उंबरा, कुणाची पायरी. मला लहानपणी देवळात नेलं तर ते देवाआधी खांबाला हात लावायचे. बोटानं सांधा चाचपायचे आणि म्हणायचे, "राजाचं नाव असतंय बाय, हात आपला असतोय." एवढा एकच अभिमान त्यांच्याजवळ होता. तोच काढून घेतला गेला.

पाऊस तोंड फिरवून बसला की आमच्याकडं महादेव कोंडतात. गाभारा चार पायऱ्या खाली आहे. पिंडीवरचं पाणी बाहेर जायला एक दगडी नाळ आहे, ती फरशीखालून जाते आणि उत्तरेच्या भिंतीत मकराच्या तोंडातून बाहेर पडते. ते तोंड बुजवायचं. मग नदीच्या वाळूत झिरा खणून, घरटी एक घागर, ओलेत्यानं, तोंडातून शब्द न काढता न्यायची आणि पिंडीवर ओतायची. पिंडी पुरती बुडली पाहिजे. देव गुदमरला की पाऊस सोडतो, अशी समजूत.

मी सातवीत होते त्या साली श्रावण कोरडा गेला. मकराच्या तोंडात नेहमी चिंध्या आणि चिखल कोंबायचे, पण त्यानं पाणी झिरपायचं. म्हणून चार जाणत्यांनी अप्पांना दगडी बूच करायला सांगितलं. अप्पा तीन दिवस त्या एका दगडाला घेऊन बसले. घासायचे, बसवून बघायचे, काढायचे, परत घासायचे. जुन्या कामाला जुनाच माल, म्हणून चुना भिजवला, त्यात गूळ, उडदाचं पाणी, हिरड्याचं पाणी. बूच बसवलं तेव्हा त्यांनी मला सुई दिली आणि म्हणाले, घाल फटीत. मी सगळ्या बाजूंनी घालून पाहिली. गेली नाही.

गावानं घागरी ओतल्या. संध्याकाळी पिंडी बुडाली. सकाळी पिंडी उघडी. परत ओतल्या, परत सकाळी उघडी. असं चार दिवस. पाचव्या दिवशी देवळापुढं माणसं जमली.

देवळाला लागून ज्यांचा उसाचा मळा होता त्यांना सगळं गाव मालक म्हणायचं. मीही इथं मालकच लिहिते. गावात सगळ्यात जास्त जमीन त्यांची, आणि बोलायचा पहिला हक्कही त्यांचाच. अप्पा मकराच्या तोंडापाशी पोटावर पडून हात घालून बघत होते. उठले आणि म्हणाले, "बूच कोरडं हाय. पाणी खालून जाऊ लागलंय. दोन फरश्या उचलू द्या, दाखवतो."

"देवाच्या फरशीला पहार लावतो काय?" मालक म्हणाले. "उद्या पिंडी उपटू म्हणशील."

"पिंडीला कशाला हात लावीन मालक. नाळेवरच्या फरश्या. घडीभराचं काम हाय."

"काम पोकळ केलं आन् आता देवाच्या खाली बोट दाखवू लागला. गाव तहानेलं ठेवलंस ते ठेवलंस, देव बी तहानेला ठेवलास."

एकदा मालक बोलले की बाकीच्यांना सोपं जातं. कुणी म्हणालं दंड घ्या, कुणी म्हणालं गरीब माणूस आहे, दंड कुठून देईल. शेवटी मालकांनीच उपाय काढला, दंड नको, देवाच्या पायरीवर नाक घासावं आणि सुटावं. हे त्यांनी मोठ्या मनानं केल्यासारखं केलं. अप्पांनी घासलं. मी भरलेली घागर डोक्यावर घेऊन उभी होते, बोलायचं नसतं म्हणून बोलले नाही. नाकाचं सालटं निघालं होतं. त्याची खपली पडेपर्यंत जेवायला बसलं की मला त्यांच्याकडं बघवायचं नाही.

पाऊस त्या साली आलाच नाही धड. विहिरी आटल्या. पाणी राहिलं ते एकट्या मालकांच्या विहिरीला. त्यांनी रस्त्यापर्यंत नळी आणून सोडली आणि अख्खं गाव तिच्यावर जगलं. देवमाणूस म्हणाले लोक. पुढच्या साली त्यांना देवळाच्या कमिटीचं अध्यक्ष केलं. मायही त्या नळीवर जायची, दुसरीकडं जाणार कुठं. एकदा रांगेत एक बाई म्हणाली, "गळक्याच्या बायकोला आधी भरू द्या गं, तिच्या घागरीला भोक असंल, घरापोतर अर्धीच जाईल." सगळ्या हसल्या. माय पण हसली. ते मी विसरले नाही, तिचं हसणं.

अप्पांचं नाव गळका पडलं. शाळेत मी गळक्याची. जात्याला टाकी लावायला कुणी बोलवेना, उंबऱ्याला तर नाहीच. पुढं एक-दोनदा देव कोंडला, अप्पांच्या बुचावर वरून सिमेंट थापलं, तरी पाणी गेलं, आणि दर वेळी अप्पांचंच नाव निघालं. सिमेंट थापूनही जातंय म्हणजे बुचातून जात नाही, एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तर तोंडातून निघालं नाही.

आम्ही लातूरला आलो. सुई न जाणारा सांधा करणारा माणूस गटाराच्या कडेला फरश्या बसवू लागला. माय डाळ मिलमध्ये जायची. मी शिकले. हे सगळं एका ओळीत लिहिलं, कारण कष्टाचं वर्णन करून कीव मागायची मला सवय नाही. नांदेडला कॉलेजात आमच्या सरांनी एकदा शेतावर नेलं. एका विहिरीत चिमूटभर रंगाची पूड टाकली आणि आम्हाला दुसऱ्या विहिरीच्या काठावर बसवलं. दोन तासांनी त्या विहिरीच्या भिंतीतून रंगीत पाणी पाझरायला लागलं. सर म्हणाले, खडकातलं पाणी कुठं जातं ते विचारायचं असेल तर त्याला रंग द्या, ते स्वतः सांगतं. बाकीची मुलं वहीत लिहून घेत होती. माझ्या हातातलं पेन थांबलं होतं.

तेव्हा फक्त संशय होता. खात्री लातूरला झाली. मी एका क्लासमध्ये शिकवते. पालकांना भेटायच्या दिवशी एका मुलाचे वडील आले. बोलता बोलता त्यांनी माझं गाव विचारलं. मी सांगितलं.

"नदीच्या काठाला देऊळ हाय तेच ना? म्या तिथं काम केलंय. आडव्या बोरची मशिन होती माझी."

आडवं बोर म्हणजे विहिरीत मशिन उतरवून तिच्या भिंतीतून बाजूला छेद मारत न्यायचा, झरा लागेपर्यंत.

"कुणाच्या विहिरीत?" मी विचारलं.

"देवळाशेजारचा मळा. मालक म्हनला, देवळाच्या अंगाला मार, नदीचा झिरा तिकडूनच येतोय. म्या म्हनलो, वर देऊळ हाय, हादरा बसंल. तर म्हनला, देव काय खाली वाकून बघतोय का." ते हसले. "कुणाला बोलायचं न्हाई म्हणून नारळावर हात ठेवून घेतला होता माझा. आता काय, लई साल झाले. मशिन बी इकली."

"कोणत्या साली?"

"पाऊस लई ताणला, मालकाच्या नळीवर गाव जगलं, ते साल बघा. त्याच सालच्या उन्हाळ्यात, पावसाच्या आधी."

त्यांच्या मुलाच्या मार्कांबद्दल मी पुढं काय बोलले ते आठवत नाही. घरी आले तेव्हा अप्पा जेवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"बूच कोरडं होतं, हे ठाव हाय. बाकी कशाला पाहिजे."

त्यांना नको होतं. मला पाहिजे होतं. मालकाला फरशीखाली काय झालंय ते माहीत होतं, म्हणून तर त्यानं फरशी उचलू दिली नाही. माहीत असून माझ्या बापाचं नाक दगडावर घासून घेतलं. मी नुसती गावात जाऊन सांगितलं असतं, तर गळक्याची पोरगी चार बुकं शिकली आन् मालकावर बोलू लागली, एवढंच झालं असतं. गाव शब्दानं ऐकत नाही, त्याला डोळ्यानं दाखवावं लागतं. आणि दाखवायचं तर गाभारा पाण्यानं भरलेला पाहिजे. म्हणजे देव कोंडला पाहिजे. म्हणजे पाऊस गेला पाहिजे. तिथून माझं ते गच्चीवर वाट पाहणं सुरू झालं. पहिल्या साली नदी देवळाच्या दुसऱ्या पायरीला लागली. दुसऱ्या साली सोयाबीन इतकं पिकलं की लोक पेढे वाटत होते. मला आलेला पेढा मी खाल्ला नाही.

तिसऱ्या साली श्रावण लागला आणि आभाळ पांढरं पडलं. गावातल्या एका मैत्रिणीचा फोन आला, सोमवारी देव कोंडायचा ठरलाय, घर बंद असलं तरी घर आहे, घागर घालायला येता का. येतो, मी म्हणाले.

कॉलेजातली पूड मला मिळाली असती. पण ते पाणी माणसं-जनावरं पितात, आणि माझा दावा मालकाशी होता, म्हशींशी नव्हता. म्हणून हलवायाला माल पुरवणाऱ्या एका दुकानात गेले आणि जिलेबीत घालतात तो केशरी रंग मागितला. त्यानं पुड्या मोजून दिल्या, मी अजून मागितल्या.

"लग्न केवढं हाय मॅडम?"

"मोठं हाय. अख्ख्या गावाचं."

अप्पा आले नाहीत. मी आणि माय गेलो. घराचं कुलूप काढलं, झिऱ्यावरून घागर भरून घरात आणली, दार लोटून सगळ्या पुड्या तिच्यात कालवल्या. माय बघत होती. "देवाला चालंल का गं हे?" एवढंच विचारलं तिनं. मी म्हणाले, देवाचाच माल कुठं जातो ते बघायचंय, त्याला का चालणार नाही.

ओल्या लुगड्या-साड्यांची रांग होती. कुणी बोलत नव्हतं, पण नजरा बोलत होत्या, ही कशाला आली. गाभाऱ्यात अंधार, पाण्यावर हळद, कुंकू, बेलाची पानं तरंगत होती. माझ्या घागरीचा रंग कुणाच्या ध्यानात आला नाही. पिंडी बुडाली, आरती झाली. मालक खुर्चीवर बसून बघत होते. म्हातारे झालेत, गुडघे धरलेत, पण खुर्ची देवळाच्या मधोमध.

सकाळी मळ्यातल्या गड्यानं गुरांच्या हौदात पाणी सोडायला मोटार लावली आणि हौदात केशरी पाणी पडलं. तो गावात ओरडत आला. आम्ही विहिरीवर पोचेपर्यंत निम्मं गाव तिथं होतं. पाणी खरंच जिलेबीच्या रंगाचं झालं होतं. मी मनात म्हणाले, झालं, आता मालक काय बोलतात बघू.

आणि तिथं माझं गणित चुकलं. मी खडक शिकले होते, माणसं शिकले नव्हते. आधी एका बाईनं पदर पसरला. मग कुणीतरी नारळ फोडला. मग बाटल्या आल्या, तांबे आले, लोक तीर्थ म्हणून ते पाणी तोंडात घालू लागले. "साक्षात भगवा रंग हाय," एक जण म्हणाला. "गोड बी लागतंय," दुसरा म्हणाला. त्याच्यात गोड लागण्यासारखं काही नव्हतं. विहिरीच्या काठावर छोटं देऊळ बांधायची गोष्ट निघाली, तेही माझ्यादेखत, पावघंट्यात. मायनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यात एकच प्रश्न होता, पोरी, ह्याला अजून मोठा केलास की काय.

मालक धुतलेलं धोतर नेसून आले. लोकांनी वाट करून दिली. त्यांनी विहिरीत डोकावून बघितलं, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना कळलं पाणी कुठून आलंय. पण समोर शंभर माणसं हात जोडून उभी होती. इतक्या हातांना नाही म्हणणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. ते काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "महादेव कोंडला, तो माझ्या विहिरीत आला. हे गाभाऱ्यातलं पाणी हाय. वास घ्या, बेलाचा वास येतोय."

मी पुढं झाले. "मालक, परत सांगा. गाभाऱ्यातलंच हाय ना?"

"तर. दुसरं कुठलं असंल? तू शिकलेली हायस बाय, तूच सांग लोकायला."

"सांगते," मी म्हणाले. पिशवीतून रिकाम्या पुड्या काढल्या आणि विहिरीच्या काठावर एकेक मांडल्या. "हा जिलेबीचा रंग. काल माझ्या घागरीतून मी पिंडीवर ओतला. मालक बरोबर बोलले, पाणी गाभाऱ्यातलंच हाय. आता ते देवळातून हितं चालत आलं का उडत आलं, तेवढं बघू. विहीर उपसा."

ज्यांनी तीर्थ घेतलं होतं ते पुड्यांकडं बघत होते. मग मागून कुणाचं तरी पोरगं फिस्सकन हसलं आणि दोघा-तिघांनी जाऊन मोटार लावली. मालक म्हणाले, मोटार बंद करा, गुरांना पाणी लागतंय. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता आणि ते लोकांच्या ध्यानात आलं.

दुपारपर्यंत पाणी खाली गेलं. देवळाच्या बाजूच्या भिंतीत ताटलीएवढं गोल तोंड उघडं पडलं आणि त्यातून केशरी धार गळत होती.

"हे तर आडवं बोर हाय," एक जाणता शेतकरी म्हणाला.

"देवळाच्या अंगाला हाय."

"देवळाच्या खालीच म्हण की."

देवळाचा गुरव तिथून उठला. छिन्नी घेऊन मकराच्या तोंडावरचं सिमेंट फोडलं, अप्पांच्या बुचावर हात फिरवला आणि परत येऊन सगळ्यांसमोर तळहात उघडा केला. कोरडा. थोडी धूळ लागली होती.

मग गावाचं तोंड सुटलं. एक म्हातारी, जी त्या साली नळीच्या रांगेत होती, ती म्हणाली, "म्हंजे इतके साल आमी ओलेत्यानं घागरी वाहिल्या त्या देवाला न्हाई, ह्याच्या उसाला."

"आन् आपलंच पाणी आपल्याला नळीनं देऊन देवमाणूस झाला."

"मावशे, दोन तांबे तीर्थ बी घेतलंस की आत्ता."

"तू बाटली भरून ठिवलीस, माझं काय काढतो."

मी मालकांच्या समोर जाऊन उभी राहिले. मला त्यांच्याकडून एक वाक्य पाहिजे होतं आणि ते मी वर्षानुवर्षं पाठ केलं होतं. मी म्हणाले, "म्हणा, पाथरवटाचं काम चांगलं होतं, चूक माझ्या बोरची."

ते जमिनीकडं बघून काहीतरी बोलले.

"ऐकू आलं न्हाई."

परत बोलले. मागच्या माणसांना ऐकू गेलं नाही म्हणून मी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. माझी एक मैत्रीण नंतर म्हणाली, म्हातारा माणूस होता, दोनदा पुरे होतं. तिच्या बापानं नाक घासलेलं नाही. तिला दोनदा पुरे वाटणारच.

कुणीतरी अप्पांना फोन केला होता. ते दुपारच्या एसटीनं आले, खांद्याला हत्यारांची पिशवी. तोवर पोरांनी ठरवूनच टाकलं होतं की मालकांना पायरीवर न्यायचं आणि नाक घासून घ्यायचं. मीही नको म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मी वाट करून दिली.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मालकांकडं बघितलं, मग देवळाकडं बघितलं. "नाकानं भेग बुजत न्हाई," ते म्हणाले. "नाळेचा दगड चिरला असंल. उचलून बघतो. मी एकटा हाय, मला हाताखाली माणूस लागंल."

चार पोरं पुढं झाली. अप्पांनी मान हलवली.

"तुम्ही नको. मालक लागतील."

पहिल्यांदा लोकांना वाटलं अप्पा गंमत करतायत. अप्पांना गंमत करता येत नाही.

मी क्लासमध्ये कळवलं की वडील आजारी आहेत आणि तीन दिवस गावात राहिले. फरश्या उचलल्या, खालचा नाळेचा दगड आडवा चिरलेला निघाला, बरोबर बोरच्या रेषेवर. अप्पांनी बोरचं तोंड विहिरीतून बंद केलं, मग नाळेला लागले. मालक देवळाच्या सावलीत बसून चुना मळत होते, गूळ घालत होते, उडदाचं पाणी गाळत होते. हाताला चुना चावतो, सवय नसेल तर जास्तच. गावातली माणसं निमित्त काढून देवळावरून जात होती, कुणी शेळी शोधत, कुणी नुसतंच. मी पायरीवर बसून बघत होते. चहा आणायची तो अप्पांना आधी द्यायची, त्यांचा पिऊन झाला की मालकांना.

पुढं पाऊस आला का, असं लोक विचारतात. आला, यायचा तेव्हा आला. तुम्ही त्यांना माफ केलं का, असंही विचारतात, विशेषतः शिकलेली माणसं. नाही केलं. करायचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

अप्पांनी त्या तीन दिवसांत एकही टोमणा मारला नाही, जुनं काही काढलं नाही, आवाज चढवला नाही. शेवटच्या दिवशी मालकांनी चुन्याचं घमेलं आणून त्यांच्यापुढं ठेवलं. अप्पांनी चिमटीत थोडा चुना घेतला, दोन बोटांत चोळला आणि घमेलं हळूच परत त्यांच्याकडं सरकवलं.

"मालक, गुठळी राहिली. परत मळा."